मुनेश्वर बाई फॉर्म भरून देत नसत

मुनेश्वर बाईंनी आपल्या सगळ्या नोकरीत एकाही विद्यार्थ्याचा शिष्यवृत्तीचा फॉर्म भरून दिला नाही, आणि तरी दिग्रसच्या आमच्या कॉलेजातून बाहेर पडलेली अर्धी पोरं ‘आम्ही बाईंमुळे शिकलो’ असं सांगतात. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. मी नऊ वर्षं त्यांच्या शेजारच्या खिडकीत बसलो. त्यांची खिडकी शिष्यवृत्तीची, माझी ग्रंथालयाची. माझ्या खिडकीवर परीक्षेच्या आधी आठ दिवस गर्दी होई, त्यांच्या खिडकीवर बारा महिने. त्यामुळे बाईंना न्याहाळायला मला भरपूर वेळ मिळाला आणि त्या वेळेचा पगारही मिळाला.

बाई बुटक्या होत्या. खुर्चीवर बसल्या की खिडकीतून फक्त चष्मा आणि कपाळ दिसे, म्हणून त्या बहुतेक वेळ उभ्याच असत. चष्म्याला काळी दोरी, हाताला पुरुषी घड्याळ, आणि टेबलावर टाचण्यांची एक डबी. स्टेपलरशी त्यांचं हाडवैर होतं. पिन काढताना दाखल्याचा कोपरा फाटतो आणि फाटका दाखला घेऊन पोरगं पुन्हा तहसीलला हेलपाटे घालतं, हे त्यांनी पाहिलं होतं. पेन मागणाऱ्याला त्या पेन देत, पण टोपण स्वतःजवळ ठेवून. जातीच्या दाखल्याला कुणी हौसेनं लॅमिनेशन करून आणलं, की त्या तो प्लास्टिकचा तुकडा सगळ्या रांगेला वर करून दाखवत. “पाहा बाप्पा, यानं जित्त्या दाखल्याले काचेत गाडलं. आता याच्यावर शिक्का कुठी मारू?” पोरगं लाजून लाल होई आणि रांगेतली दहा पोरं आपापले दाखले लॅमिनेशनपासून वाचवत.

तोंड तिखट होतं, हे कबूल केलं पाहिजे. त्या तिखटपणानं रडलेल्या मुली मी माझ्या खिडकीतून पाहिल्या आहेत, एक-दोघींना पाणीही दिलं आहे. बाहेरच्या सेवा केंद्रात पन्नास-शंभर रुपये दिले की फॉर्म भरून मिळतो, हे सगळ्यांना ठाऊक होतं. तरी कुणी तरी खिडकीशी येऊन लाडात म्हणेच, “मॅडम, तुमीच भरून द्या ना.”

“मी भरला तं तो मायावाला फारम होते,” बाई म्हणत. “मले कायले पायजे शिष्यवृत्ती? तुयावाला तू भर. मी इथंच उभी हावो.”

आणि खरोखर उभ्या राहत. पोरगी संगणकापुढे बसे, बाई मागे हाताची घडी घालून. चुकलं की माऊसला हात लावायच्या नाहीत, फक्त घसा खाकरायच्या. पहिल्या वर्षाला असे वीस खाकरे लागत, दुसऱ्या वर्षाला दोन. तिसऱ्या वर्षाची पोरं तर आपल्या धाकट्या भावंडांचे फॉर्म घरूनच भरून येत आणि बाईंना नुसता पावतीचा कागद दाखवून जात. तेव्हा कुठे मला कळलं की या बाईला किती लांबचं दिसतं.

फॉर्म सादर झाला म्हणून कुणी पेढे आणले तर त्यावरही त्यांचं भाषण ठरलेलं. “फारम म्हणजे पेरणं नोय, का टाकलं आन् आभाळाकडे पाह्यत बसलं. रोज उठून पाहा लागते, कुठी अडकला ते.” पेढा मात्र त्या खात, आणि एक माझ्या खिडकीत सरकवत.

रविवारी विहारात वंदना झाली की बाई दोन मिनिटं माइक मागून घेत. कोणत्या योजनेची शेवटची तारीख कोणती, कुणाच्या जात पडताळणीचा कागद यायचा राहिला आहे, हे सगळं नावानिशी. त्यांचे वडील कापसाच्या जिनिंगात हमाली करत, छप्पनच्या पुढच्या वर्षांत त्या घरानं धम्म घेतला, आणि त्या वस्तीत शिकण्याची गोष्ट माइकवरून सांगण्यात कुणालाच काही नवल वाटत नसे. नवल पुढे घडलं. एका गणपतीत आमच्या गल्लीच्या मंडळाचे अध्यक्ष खिडकीशी आले आणि डोकं खाजवत म्हणाले, “ताई, आमच्या पोट्ट्यायलेबी सांगा ना. आरती झाल्यावर माइक देतो.” बाई गेल्या. आरती संपली, कापूर अजून जळत होता, आणि बाईंनी खड्या आवाजात सुरू केलं, “ज्यायचं नॉन-क्रिमिलेयर संपलं त्याईनं हात वर करा.” आरतीला जोडलेले चाळीस हात होते, त्यातले अकरा वर गेले. पुढची तीन वर्षं ते मंडळ प्रसादाबरोबर तारखा वाटत होतं.

त्यांची नजर वैद्याची होती, हे मी एका प्रसंगावरून म्हणतो. झरी जामणीकडची सुनीता नावाची एक कोलाम आदिवासी मुलगी आमच्या वसतिगृहात होती. अबोल, घाबरट. पोर्टलवर तिची शिष्यवृत्ती जमा झाली असं दिसत होतं आणि बँकेचं पासबुक कोरडं. बँकवाले पोर्टलकडे बोट दाखवत, पोर्टल बँकेकडे. महिनाभर हे चाललं. मुलगी गावी परत जायच्या गोष्टी करू लागली. बाईंनी तिला समोर बसवलं आणि भलताच प्रश्न विचारला.

“औंदा जत्रेत गेलती का तू?”

“हो.”

“तिथं छत्रीखाली कोनी फुकटात सिम देऊन राह्यलं होतं?”

मुलीनं मान हलवली.

“आन् तुनं आंगठा लावला.”

झालं होतं असं, की त्या छत्रीवाल्यानं सिमबरोबर तिच्या नावाचं एक खातंही उघडून टाकलं होतं आणि आधार त्याला जोडलं गेलं होतं. तिचे पैसे तिलाच माहीत नसलेल्या खात्यात गुपचूप बसून होते. पुढच्या वर्षीपासून शिष्यवृत्तीच्या सूचनाफलकावर पहिली ओळ आली: ‘जत्रेत अंगठा लावू नये.’ प्राचार्यांनी ती दोनदा पुसायला लावली. बाईंनी ती तीनदा लिहिली.

मी एकदा विचारलंही होतं, “बाई, एवढं कशासाठी?” मला वाटलं, काही तरी मोठं ऐकायला मिळेल. त्या म्हणाल्या, “राऊत सर, मी काही देवमाणूस नाही. अर्धा भरलेला फारम पाह्यला का मले रात्री जेवण जात नाही. तुमाले फाटकं पुस्तक पाहून होते तसं.” मला फाटकं पुस्तक पाहून तसं काही होत नसे, पण ते सांगायचं धाडस मी केलं नाही.

वैष्णवी ढोलेची गोष्ट बाईंच्या नोकरीच्या शेवटच्या महिन्यातली. वैष्णवी आमच्याकडूनच बारावी झाली होती. गाव दिग्रसपासून आठ-दहा किलोमीटरवर, बाप नामदेवराव, कोरडवाहू शेती, दोन मुली. वैष्णवी धाकटी. तिला यवतमाळच्या कॉलेजात फार्मसीला नंबर लागला. प्रवेश निश्चित करायला सात दिवस होते. मुलींची फी सरकार भरतं, फक्त घरचं उत्पन्न ठरलेल्या मर्यादेच्या आत असल्याचा दाखला लागतो. वैष्णवीनं दाखला आणला होता. त्यावरचं उत्पन्न मर्यादेच्या चांगलंच वर होतं. म्हणजे पूर्ण फी भरा, नाहीतर जागा सोडा. पूर्ण फी भरणं त्या घराला शक्य नव्हतं, हे दाखला सोडून सगळ्यांना माहीत होतं.

खरं तर हे आमच्या कॉलेजचं काम नव्हे. मुलगी टीसी घेऊन गेली की आमचा संबंध संपला. बाईंनी दाखला दोनदा वाचला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचला. मग विचारलं, “तुये बाबा बाजाराले येतात न?”

बाजाराच्या दिवशी बाईंचं एक दुसरं ऑफिस असे, ते सांगायचं राहिलंच. पालक कॉलेजात यायला बिचकतात, बाजारात मात्र सगळे येतात. म्हणून बाई दुपारी जेवणाच्या सुट्टीत कांदेवाल्या आजीच्या शेजारी उलट्या क्रेटवर बसत आणि सह्या, झेरॉक्स, अंगठे तिथंच गोळा करत. त्या दिवशी मीही मेथी घ्यायला गेलो होतो. नामदेवराव आले. उंच, स्वच्छ टोपी, बोलायला मऊ. बाईंनी दाखला पुढे केला.

“नामदेवराव, हे उत्पन्न तुमचंच हाये ना? मंग आमच्या कॉलेजले एक खोली बांधून द्या.”

नामदेवराव हसले नाहीत. टोपी काढून हातात घेतली. हळूहळू सगळं बाहेर आलं. मोठ्या मुलीला पाहायला ढाणकीचे पाहुणे आले होते. चहा झाला, सगळे मिळून पानाच्या टपरीकडे निघाले. वाटेत ग्रामपंचायतीत तलाठी बसला होता. त्यानं हाक मारली, “नामदेवराव, पोरीच्या दाखल्यावर उत्पन्न किती लिहू?”

“पाच माणसं उभी होती, बाई. मुलाचा बाप, मामा, मध्यस्थ. त्याईच्यासमोर कमी कसं सांगू? तोंडातून निंघून गेलं. सहीबी केली.”

“आन् सोयरीक?”

“जमली ना. दिवाळीनंतर लगन आहे.”

आपल्याकडे मुलीचा बाप पाहुण्यांसमोर चार एकराचे सहा करतो, हे काही नवीन नाही. पण ते बोलणं ओसरीवर राहतं. नामदेवरावांचं बोलणं तहसीलदारांच्या सहीनिशी छापून आलं होतं.

“दुरुस्ती होते,” बाई म्हणाल्या. “नवा अर्ज, नवं घोषणापत्र, त्याच तलाठ्यासमोर, पंच घेऊन. खरा आकडा सांगा लागन.”

“गावात तासात पसरन बाई. ढाणकीले संध्याकाळपावतर पोचन. मोठीची सोयरीक मोडली तं मी कुठी तोंड दाखवू?”

“आन् धाकटीची जागा गेली तं?”

कांदेवाल्या आजीनं गिऱ्हाईक थांबवून ठेवलं होतं. त्या क्षणी मला त्या माणसाची फार दया आली. एका पोरीसाठी बोललेलं खोटं दुसऱ्या पोरीच्या आड आलं होतं, आणि दोन्ही पोरी त्याच्याच.

“दुसऱ्याकून कळण्यापरीस तुमीच जाऊन सांगा,” बाई शेवटी म्हणाल्या. “उद्याच चाला ढाणकीले. मी येते संग. पण एक सांगून ठेवते, मी तिथं तोंड उघडणार नाही. बोलायचं तुमी.” मग माझ्याकडे वळून, “राऊत सर, तुमीबी चाला. मी एकटी संग दिसली तं इवायाले वाटन, नामदेवरावानं वसुलीले बाई आणली.”

इवाई म्हणजे व्याही. मी मेथीची जुडी पिशवीत कोंबली आणि हो म्हणालो. बाईंना नाही म्हणण्याची पद्धत आमच्या कॉलेजात नव्हती.

दुसऱ्या दिवशी पुसद, उमरखेड करत आम्ही ढाणकीला पोचलो. इवायांनी आग्रहानं बसवलं. पोहे आले, चहा आला. नामदेवराव पावसावर बोलले. सोयाबीन पिवळं पडतंय यावर बोलले. तुरीच्या भावावर बोलले. पुन्हा पावसावर आले. दुसरा चहा आला. बाई भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहत बसल्या होत्या. मला राहवेना. मी घसा साफ करून “त्याचं असं आहे...” एवढंच म्हणालो, तोच बाईंची चप्पल माझ्या अंगठ्यावर पडली. पुढे चार दिवस ते नख काळं होतं.

तिसरा चहा आला तेव्हा नामदेवरावांनी कप खाली ठेवला.

“इवाई, त्या दिवशी तलाठ्याले मी जे सांगतलं, ते खरं नव्हतं. तेवढं माह्यं होत नाही. त्याच्या अर्धबी होत नाही. आता ते कागदावर बसलं आन् धाकटीचं शिक्षण अडून राह्यलं. मले ते खोडून आणा लागते. तुमाले दुसऱ्याकून कळू नये म्हणून आलो. आता तुमचं काय मन होईल ते सांगा.”

आतल्या दारातला पडदा हलायचा थांबला. इवाई माणूस मोठ्या अंगाचा, मिशाळ. त्यानं बशीतला चहा संपवला, मिशी पुसली.

“नामदेवराव, त्या दिवशी मी तुमच्या वावरातून चालत आलतो. पऱ्हाटी पाह्यली, तूर पाह्यली, विहिरीत डोकावून पाह्यलं. मीबी वावरातच जन्मलो, बाप्पा. तुमी तलाठ्याले आकडा सांगतला तवाच मले मालूम होतं. मी म्हटलं, पोरीचा बाप हाये, बोलू द्या.”

“मंग तुमी काही...”

“कायले बोलू? मी पोरगी पाहाले आलतो, सातबारा नाही. जा, आधी धाकटीचं करून घ्या. का मी येऊ तलाठ्याकडे?”

म्हणजे नामदेवरावांचं ते बोलणं साऱ्या जगात एकट्या सरकारनं खरं मानलं होतं. मला हसू आलं, पण नामदेवराव टोपीनं डोळे पुसत होते, म्हणून मी पोह्यांकडे पाहिलं. बाई उठल्या आणि पडद्याआडच्या मंडळींशी बोलायला आत गेल्या. आतून हसण्याचा आवाज आला तेव्हा पंचेचाळीस मिनिटांनंतर मी पहिला मोकळा श्वास घेतला.

पुढचे दिवस नुसती धावपळ. इवाई खरोखरच आले आणि तलाठ्यासमोर नामदेवरावांच्या शेजारी उभे राहिले. नवा अर्ज वैष्णवीनं भरला, स्वतः. बाई मागे उभ्या, आणि मी मोजलं, एकदाही खाकरल्या नाहीत. अर्ज तहसीलला गेला. आता फक्त सही उरली होती. शेवटच्या तारखेच्या आदल्या दिवशी पावसानं नेट गेलं. बाईंनी शिल्लक राहिलेल्या शेवटच्या दोन किरकोळ रजा टाकल्या आणि दहा वाजल्यापासून तहसीलच्या व्हरांड्यात उभ्या राहिल्या. बसायला बाक होता. पण बसलेल्या माणसाला लोक विसरतात, असं त्यांचं मत. पावणेसहाला नेट आलं, सहाला सही झाली. वैष्णवीच्या फोनवर दाखला उतरला तेव्हा बाईंनी तो तिच्याकडून मोठ्यानं वाचून घेतला, पहिल्या ओळीपासून खालच्या क्रमांकापर्यंत.

शेवटच्या दिवशी पहिल्या गाडीनं आम्ही चौघं यवतमाळला गेलो. मला पुढे अमरावतीला प्रशिक्षणासाठी जायचं होतं, म्हणून मी बॅग घेऊनच होतो. कॉलेजच्या व्हरांड्यात ही गर्दी. आई-बाप, मामे, प्लास्टिकच्या फायली, रडकुंडीला आलेल्या पोरी. वैष्णवी आणि नामदेवराव रांगेत लागले. बाई त्यांच्याबरोबर गेल्या नाहीत. खांबाजवळ एक बाक रिकामा होता, त्यावर बसल्या, पर्स मांडीवर ठेवली. “मी इथंच हावो,” म्हणाल्या.

मी थोडा रांगेजवळ, थोडा बाकाजवळ असा उभा होतो. वैष्णवीचा नंबर आला. खिडकीतल्या माणसानं कागद चाळले. आधी अर्जाला जोडलेला जुना दाखला आणि नवा दाखला, दोन्ही त्याच्यापुढे होते. त्यानं मान वर केली आणि गर्दीतून ऐकू जावं म्हणून जरा ओरडूनच विचारलं, “पालक कोण? यात दोन आकडे दिसताहेत. वार्षिक उत्पन्न नक्की किती?”

नामदेवराव पुढे झाले. त्यांनी आकडा सांगितला. खरा, लहान, कोरडवाहू आकडा. असा खणखणीत सांगितला की मागची पाच-सात माणसं वळून पाहू लागली. “आधी सांगतला तो खोटा होता,” ते म्हणाले. “चूक माही होती. पोरीची नाही.”

खिडकीतल्या माणसानं शिक्का मारला.

मी आनंदानं बाकाकडे वळलो. बाईंनी हे ऐकायला हवं होतं. गेले सात दिवस त्यांनी याच्यासाठीच जीव टाकला होता. बाई झोपल्या होत्या. मान खांबाला टेकलेली, चष्मा दोरीवर छातीशी, तोंड किंचित उघडं. भर दुपारी, त्या सगळ्या कलकलाटात, गाढ.

वैष्णवी पावती नाचवत धावत आली आणि हाक मारणार, तोच नामदेवरावांनी तिचा हात धरला.

“राहू दे,” ते म्हणाले. “झोपू दे बाईले.”

वैष्णवी अलगद बाईंच्या शेजारी बसली. थोड्या वेळानं बाईंची मान खांबावरून घसरली आणि पोरीच्या खांद्यावर आली. पोरगी ताठ झाली, श्वाससुद्धा जपून घेऊ लागली. पावती तिच्या मुठीत होती. नामदेवराव दोघींच्या पुढे उभे राहिले, येणाऱ्या-जाणाऱ्यांचा धक्का लागू नये म्हणून. दिग्रसची गाडी कधीचीच निघून गेली होती आणि त्याचं त्यांना काही नव्हतं.

माझ्या गाडीची वेळ झाली होती. मी परत आलो तोवर महिना संपला होता, बाई निवृत्त होऊन लेकाकडे नागपूरला गेल्या होत्या आणि त्यांच्या खिडकीत एक नवीन मुलगा बसला होता. निरोपाचं त्यांचं भाषण मला ऐकायला मिळालं नाही. नामदेवरावांनी तो आकडा कसा सांगितला, हेही बाईंना माझ्या तोंडून कधी कळलं नाही. मला आठवतात त्या यवतमाळच्या व्हरांड्यातल्या बाई. मी बॅग उचलून पायऱ्या उतरलो आणि फाटकातून मागे वळून पाहिलं, तेव्हाही त्या झोपलेल्याच होत्या, आणि वैष्णवी अजून हलली नव्हती.